हमीदचाचांनी सोडलेली कोरी पानं

हमीदचाचा गेल्याचं मला बसमध्ये कळलं. शेवटचा पेपर देऊन मी विश्रांतवाडीच्या बसमध्ये बसले होते आणि त्यांच्या मुलाचा, इरफानभाईंचा फोन आला. "अब्बा गेले सकाळी," एवढंच ते म्हणाले. मी "हो" म्हणाले. अशा वेळी काय म्हणतात ते मला आठवलंच नाही… पुढच्या थांब्यावर उतरले, उलट दिशेची बस पकडली आणि कसबा पेठेत पोहोचले तोवर त्यांना नेलेलं होतं. दुकानाचं शटर खाली होतं. शेजारी तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचं दुकान आहे, तिथला ठोका मी तीन वर्षांत दिवसा कधी थांबलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी तो थांबला होता. मी शटरसमोर उभी राहिले. खरं तर त्याच दिवशी पेपर संपला की चाचांकडे जायचं, असं मी ठरवलं होतं. मला त्यांच्याजवळ एक गोष्ट कबूल करायची होती. पेपरांचं निमित्त करून मी ती ढकलत आले होते. आता सहा आठवडे झाले. मला लिहिण्याची सवय नाही, पण कबुली कुठे तरी द्यायला हवी म्हणून हे लिहिते आहे.

चाचा बाइंडर होते. जुनी पुस्तकं उसवून, खळ लावून, नव्याने शिवून देण्याचं काम त्यांनी पन्नासएक वर्षं केलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पप्पा खराडीच्या एका आयटी पार्कमध्ये वॉचमन आहेत. त्यांची शाळा सातवीत सुटली. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळी पुस्तकं मी जुनीच घेतली आणि त्यातलं गणिताचं पुस्तक महिन्याभरात हातात सुटं आलं. कुणी तरी हमीदचाचांचं दुकान दाखवलं. आठवड्याने पुस्तक घ्यायला गेले तर कापडी कण्याचं, घट्ट, देखणं पुस्तक समोर आलं. उघडून पाहिलं, तर शेवटी चार पानं कोरी.

"चाचा, ही कोरी पानं कशाला?"

"तुझ्या पुस्तकाची शेवटची चार पानं गायब आहेत. उत्तरांची. बघितलं नाहीस?"

मी बघितलं नव्हतं.

"कॉलेजात जातेस ना? मिळव उत्तरं आणि लिही त्यावर."

तेव्हापासून माझं नाव 'कॉलेज' पडलं. कोमल हे माझं खरं नाव त्यांनी फार तर दोनदा घेतलं असेल.

ही त्यांची कामाची रीत होती. पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान सगळ्यात आधी फाटतं, असं ते सांगायचे. सगळा मार तीच खातात. बाकीचे बाइंडर उरलेलं शिवून मोकळे होतात. चाचा मात्र जितकी पानं गेली असतील तितकीच कोरी पानं मोजून घालत. कुणाला दुसरी प्रत मिळाली तर त्याने ती पानं हाताने लिहून काढावीत, आणि खाली कुठल्या प्रतीवरून लिहिलं तेही नोंदवावं. या शेवटच्या बाबतीत ते फार कडक होते. मी माझ्या मैत्रिणीच्या पुस्तकातून उत्तरं उतरवून आणली तेव्हा त्यांनी चष्मा चढवून चारही पानं पाहिली आणि पुस्तक परत माझ्याकडे सरकवलं. "खाली कोण लिहिणार? मी?" मग मी लिहिलं, 'अश्विनीच्या प्रतीवरून'. ते म्हणाले, "हां. आता उत्तर चुकलं तर पुढच्या पोराला कळेल कुणाला धरायचं."

कॉलेज सुटल्यावर बसची वेळ होईपर्यंत मी त्यांच्या दुकानात बसू लागले. बसायला एक लाकडी खोका होता. घरी अभ्यासाला जागा नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी विचारलं नाही. एकदा मला अभ्यास सोडून नुसतीच बसलेली पाहिलं तेव्हा त्यांनी वरच्या फळीवरून एक जाड बाड काढून माझ्या मांडीवर ठेवलं. ते माणसाच्या पुढच्या काळाच्या गोष्टींचं होतं. पुढच्या म्हणजे शंभर-दोनशे वर्षांच्या नव्हेत. कुठे पन्नास हजार वर्षं गेलेली, कुठे दहा लाख. कुणा हौशी माणसाने जुन्या मासिकांतून विज्ञानकथा कापून जमवल्या होत्या आणि तीसेक वर्षांपूर्वी चाचांकडे बांधायला दिल्या होत्या. शेवटच्या गोष्टीची चार पानं कमी होती. "घरी असतील, पुढच्या आठवड्यात आणून देतो," असं म्हणून तो गेला, तो परत आलाच नाही. त्याचा पत्ताही चाचांकडे नव्हता. खळ वाळेपर्यंत हात रिकामे असतात, तेवढ्या वेळात वाचून वाचून चाचांना त्या सगळ्या गोष्टी पाठ झाल्या होत्या.

मला आधी त्या गोष्टींची भीतीच वाटली. आमच्या घरात 'पुढचं' म्हणजे पुढचा महिना. पप्पांची बदली होईल का, गॅस संपेल का, एवढंच पुढचं. आणि इथे सूर्य लाल होऊन आभाळभर पसरलेला, समुद्र आटलेले, आणि माणसं… माणसंच राहिलेली नाहीत. मी एकदा विचारलं, "चाचा, एवढ्या पुढचं वाचून उपयोग काय?" ते पुठ्ठा कापत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्या पुण्यात सगळे मागचंच वाचतात. त्यांना काय उपयोग झालाय?" एका गोष्टीत माणसं नऊशे वर्षं जगत आणि नात्यांची नावं विसरून गेलेली असत. आत्या, मामा, साडू, कुणालाच काही कळत नसे. मला ते वाचून रडू आलं होतं. चाचा म्हणाले, "रडतेस काय? भांडणं किती कमी झाली असतील बघ."

पण त्या शेवटच्या, अर्धवट गोष्टीबद्दल ते कधी थट्टा करत नसत. ती थोडक्यात सांगायला हवी. लाखो वर्षांनंतरचा काळ आहे. माणसाच्या वंशातले जीव आता जमिनीखाली, ऊब मिळेल तिथे राहतात. त्यांना हात नाहीत. हातांचं काही कामच उरलं नाही, म्हणून ते हळूहळू गेले, आणि कधी हात होते हेही कुणाला आठवत नाही. त्यांतला एक जण वाट चुकतो आणि एका गुहेत शिरतो. तिथे दगडावर एक ठसा असतो. पाच फांद्यांसारखं काही तरी, मधे खोलगट. तो थोरल्यांना जाऊन विचारतो, ते काय आहे. थोरले म्हणतात, काही नाही, दगड आहे. पण त्याला चैन पडत नाही. तो पुन्हा गुहेत जातो, ठशासमोर येतो, 'आणि त्याने' … इथे पान संपतं. त्यापुढे चाचांनी घातलेली चार कोरी पानं.

"त्याला कळलं असेल का गं?" चाचा विचारायचे. "की हे आपल्याच कुणाचं आहे?" मी पहिल्या वर्षी म्हणायचे, कळलं असेल. दुसऱ्या वर्षी म्हणायला लागले, नसेल. ते दोन्ही वेळा मान डोलवायचे. एकदा खळीने माखलेला स्वतःचा पंजा रद्दी कागदावर दाबून त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला आणि मग चोळामोळा करून टाकून दिला.

ती गोष्ट शोधून द्यायची, असं मी मनाशी ठरवलं. त्यांनी मला खूप दिलं होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी शहरातली वाचनालयं धुंडाळू लागले. जायला मला संकोच वाटायचा. एका जुन्या वाचनालयात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "मासिकाचं नाव?"

"माहीत नाही."

"साल?"

"नाही माहीत… जुनं आहे."

"लेखक?"

"फाटलाय. म्हणजे नावाची जागा फाटली आहे."

"मग तुम्हाला नक्की माहीत काय आहे?"

"गोष्ट माहीत आहे."

"शेवट सोडून?"

"हो…"

"अहो, मग तुम्हाला काहीच माहीत नाही की." पण असं म्हणून त्यांनीच मला आतल्या खोलीतल्या गठ्ठ्यांपाशी नेऊन बसवलं. दर शनिवारी मी तिथे जात असे. धुळीने शिंका येत. ती गोष्ट काही सापडली नाही. "आज सापडली का?" असं चाचा दर सोमवारी विचारत, आणि मी नाही म्हटलं की, "बरं झालं, संपली असती," असं म्हणत. मला ती थट्टा वाटायची.

या वर्षी थंडीत चाचांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची कॉट टाकली होती. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तो हात पांघरुणावर नुसता ठेवलेला होता, कुणी तरी विसरून गेल्यासारखा. बोलणं थोडं जड झालं होतं, पण डोकं साफ होतं. मला बघून म्हणाले, "ये कॉलेज. बघ, त्या गोष्टीची सुरुवात माझ्यापासूनच झाली." मी हसले नाही. मग त्यांनी विचारलं, "सापडली का?"

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून गेलं. त्यांचा चेहरा असा काही बदलला की ते परत घेणं मला जमलं नाही. "पुढच्या वेळी लिहून आणते," असं म्हणून मी बाहेर पडले. दोन दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून मी त्या गोष्टीचा शेवट लिहिला. खूप खोडलं, पुन्हा लिहिलं. शाळेतले निबंध सोडले तर मी कधी काही लिहिलेलं नव्हतं. मग जाऊन त्यांच्या कॉटशेजारी बसले आणि वाचनालयातून उतरवून आणल्यासारखा तो शेवट वहीतून वाचू लागले. शेवटचं वाक्य असं होतं: 'आणि त्याने आपला तळवा त्या ठशावर ठेवला, तेव्हा त्याला लाखो वर्षांपूर्वीची ऊब जाणवली.' चाचा डोळे मिटून पडले होते.

"तळवा?" ते म्हणाले.

"हो… तळवा."

शेजारी भांडी ठोकण्याचा आवाज चालू होता. मग म्हणाले, "होतं असं. शेवटी शेवटी लेखकही दमतात." आणि डोळे उघडून, "छान आहे. त्या कोऱ्या पानांवर लिहून काढ. आणि खाली लिही, कुठल्या प्रतीवरून ते."

मी म्हटलं, पेपर झाले की लिहिते.

घरी परतताना बस येरवड्याच्या पुढे गेली असेल, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला हात नव्हते! सगळी गोष्ट ज्यावर उभी आहे, तेच मी विसरले होते. ज्याला हात नाहीत त्याला मी तळवा दिला होता. ज्या माणसाला त्या गोष्टीचा शब्दन् शब्द पाठ होता, त्याने ते ऐकलं, ओळखलं, आणि लेखक दमला असेल म्हणून मला सोडून दिलं… शरमेने माझे कान तापले. त्याहून वाईट म्हणजे शेवटाखाली लिहायचं ते एक वाक्य. खोटा शेवट सांगणं मला जमलं होतं, पण 'अमुक प्रतीवरून' असं शाईने त्यांच्या पुस्तकात लिहिणं मला जमणार नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. त्यांना ते आधीच कळलं असेल का? त्यानंतर एकदा मी गेले होते. नातेवाईक बसले होते, चाचांना झोप लागली होती. मी दहा मिनिटं थांबले आणि हायसं वाटून घरी आले. हायसं वाटलं, हे लिहायला नको वाटतंय, पण वाटलं होतं. म्हटलं, पेपर संपू देत. शेवटच्या पेपरच्या दिवशी सरळ सांगून टाकू, चाचा, मी खोटं बोलले.

चाळीस दिवस झाल्यावर इरफानभाईंनी मला बोलावलं. ते खराडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतात. दुकान ते बंद करणार आहेत. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, दाबयंत्र कुणी तरी घेऊन गेलं होतं. त्यांनी ते बाड माझ्या हातात दिलं. "अब्बांनी सांगून ठेवलंय, हे तुझं." मी शेवटचं पान उघडलं. चार कोरी पानं होती तिथे आता जास्त होती. मी मोजली. बारा. नवी आठ पानं वेगळ्या कागदाची होती आणि त्यांची शिलाई वेडीवाकडी, कुठे सैल, कुठे दोरा दोनदा गेलेला. चाचांच्या हातची ती शिलाई नव्हतीच.

"ती मी केली," इरफानभाई म्हणाले. "हसू नको. जायच्या आठवड्यात मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, सुई घे. मी म्हटलं, अब्बा, मला बटण लावता येत नाही. तर म्हणतात, लॅपटॉप लावता येतो ना, मग बस. तीनदा उसवायला लावलं. कॉटवरून नुसते बघत होते आणि शिव्या देत होते."

"पण ही पानं कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, कॉलेजनं स्वतः लिहायला घेतलंय. चार पानांत नाही मावायचं तिचं."

त्यांच्याच खोक्यावर मी बसले. इरफानभाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, मला चाचांची आठवण आली म्हणून. आठवण तर होतीच… पण चाचांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला विचारलं नाही, की रागावले नाहीत. नुसती जागा वाढवून ठेवली. आणि मी मात्र एका वाक्यासाठी, 'चाचा, ते मी लिहिलंय,' एवढ्या एका वाक्यासाठी पेपर संपण्याची वाट बघत राहिले. ते वाक्य त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. आता कितीही वाटून उपयोग नाही.

बाड घरी आणलं तेव्हा पप्पा ड्यूटीवरून येऊन चहा घेत होते. काय आहे म्हणाले. मी त्यांना ती गोष्ट वाचून दाखवली. पप्पांसमोर मी कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. ते कपबशी तशीच धरून ऐकत होते. 'आणि त्याने' पाशी मी थांबले.

"मग? पुढं?"

"पुढची पानं नाहीत, पप्पा. कोरी आहेत." मग मी त्यांना सगळं सांगितलं. माझा शेवट, तो तळवा, चाचांचं बोलणं, नवी पानं. सांगता सांगता रडले. पप्पांना अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, मीही त्यांच्यावरच गेले आहे. कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "हात नव्हते तर नव्हते. बसला असेल की."

"म्हणजे?"

"अगं, मयताच्या घरी आपण जातो तेव्हा काय करतो? ओळख असते, कधी नसतेही. कोण होता, कसा होता, आपल्याला काय माहीत असतं? जातो आणि बसतो थोडा वेळ. तसा बसला असेल तो तिथं. त्याला काय कळलं आणि काय नाही, ते जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लिहिलं. 'आणि त्याने' च्या पुढे. जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, त्याला हात न देता. 'आणि त्याने काहीच केले नाही. तो त्या ठशाशेजारी बसून राहिला.' आणखी थोडं लिहिलं, पण दीड पानातच संपलं. मग त्याच्या खाली, चाचांच्या रीतीप्रमाणे, लिहिलं: 'हा मूळ शेवट नाही. मूळ प्रत सापडली नाही. वडिलांनी सांगितल्यावरून लिहिले. कोमल.' शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटायचं नसतं, म्हणून ते तसंच उघडं ठेवून मी शेजारी बसले. इरफानभाईंच्या वाकड्या शिलाईमुळे पानं सपाट राहत नव्हती, एका बाजूने उचलली जात होती. मी ती हाताने दाबून धरली.